धमकी कागदावर आण

बाळ, अनोळखी गुंडापेक्षा जुना रूम पार्टनर अवघड, हे आधी समजून घे. गुंडाला तुझा पत्ता शोधावा लागतो. याला तुझी जादा किल्ली कुठे असते ते ठाऊक असतं. तू क्लासवरून किती वाजता येतेस, कुठल्या वारी उशीर होतो, आईचा नंबर काय, मोबाइलचा पॅटर्न कसा, आधारची झेरॉक्स कुठल्या फाइलमध्ये आहे आणि घरी तू काय सांगितलेलं नाहीस, हे सगळं त्या माणसाला एकत्र राहताना आपोआप कळलेलं असतं. म्हणून त्याच्या तोंडून ‘बघून घेईन’ आलं की तुझी झोप उडते, ती उगीच नाही. कुणी ‘एवढं काय घाबरतेस’ म्हटलं तर ऐकून घे आणि सोडून दे.

पुण्यात वकिली करताना अशी मुलं-मुली माझ्याकडे खूप आली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारी, हिंजवडीला नोकरी करून वाकडला तिघींत फ्लॅट घेतलेली, कोथरूडला मैत्रिणीच्या मैत्रिणीबरोबर राहायला गेलेली. भांडण सुरू व्हायचं डिपॉझिटवरून, लाइट बिलावरून, रात्री येणाऱ्या पाहुण्यांवरून. एकाने खोली सोडली की संपायला हवं होतं. पण काहींच्या बाबतीत तिथूनच सुरू व्हायचं. आधी रात्रीचे फोन, मग आईला फोन, मग बिल्डिंगखाली उभं राहणं. बहुतेक जण माझ्याकडे फार उशिरा यायचे. तोवर अर्धे मेसेज पुसलेले असायचे, सोसायटीचं फुटेज गेलेलं असायचं आणि पोलीस ठाण्यात एक ओळसुद्धा लिहिलेली नसायची. माझ्या सीनियर बाई सांगायच्या, कोर्टाला तुझी भीती दिसत नाही, कोर्टाला कागद दिसतो. मला तुला मुख्यतः हेच सांगायचं आहे. धमकी आली त्याच आठवड्यात ती कागदावर आण, आणि कुठला कागद कुठल्या दारात द्यायचा ते नीट समजून घे.

दार कुठलं हे समजून घ्यावंच लागतं, कारण परदेशी मालिकांमध्ये दिसतो तसा ‘याने माझ्यापासून शंभर मीटर लांब राहावं’ असा एकाच अर्जात मिळणारा हुकूम साध्या रूममेटविरुद्ध आपल्या कायद्यात नाही. आपल्याकडे संरक्षण तुकड्या-तुकड्यांनी मिळतं. थोडं पोलिसांकडून, थोडं कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून, थोडं दिवाणी कोर्टातून. ते जोडून घ्यायचं असतं.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचार, आणि उत्तर खरं दे, कारण वकिलापाशी लाजून उपयोग नाही. तो माणूस तुझा नुसता खोलीतला जोडीदार होता, की तुम्ही लग्नासारखे एकत्र राहत होतात? दुसरं असेल तर तुझ्यासाठी एक मोठं दार उघडं आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा लग्नाच्या बायकोपुरता नाही. लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिलेल्या स्त्रीलाही तो लागू होतो, आणि आता वेगळी राहत असलीस तरी चालतं, कारण कायद्याचे शब्दच ‘राहते किंवा कधीकाळी राहत होती’ असे आहेत. नातं लग्नासारखं होतं की नाही, हे कशावरून ठरवायचं ते सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा सरमा खटल्यात २०१३ मध्ये सांगितलं आहे. किती काळ एकत्र राहिलात, घर आणि पैसे सामाईक होते का, लोकांसमोर जोडपं म्हणून वावरत होतात का, अशा गोष्टी बघतात. या कायद्याखाली दंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. त्याने तुझ्याशी कुठल्याही मार्गाने संपर्क करायचा नाही, तुझ्या कामाच्या जागी यायचं नाही, तुझ्या घरच्यांना त्रास द्यायचा नाही, असं त्यात लिहून मिळतं. परिस्थिती निकडीची असेल तर त्याचं म्हणणं ऐकण्याआधीच अंतरिम आदेश मिळू शकतो. तो मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे थेट जा, अर्ज भरायला तेच मदत करतात. घरी कळेल म्हणून या दारापासून मागे फिरलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. तू फिरू नकोस. इतकं भक्कम संरक्षण दुसऱ्या कुठल्या कायद्यात तुला मिळणार नाही.

नुसते रूम पार्टनर होतात, तर मात्र हा कायदा लागत नाही. तिथून पुढचं सगळं तुझ्यासाठी.

आधी घर. कुलूप बदल, पण त्याआधी भाडेकरार काढून बघ. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात त्याचं नाव असेल आणि मुदत संपली नसेल, तर तू परस्पर कुलूप बदललंस की तो पोलिसांत जाऊन सांगणार, मला बेकायदा बाहेर काढलं, माझं सामान आत अडकवलं. मग तक्रारदार तो आणि उत्तरं देणारी तू. म्हणून घरमालकाला लेखी कळव, जुना करार रद्द करून उरलेल्यांच्या नावाने नवा नोंदवून घे. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा ‘कशाला खर्च’ म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे ऐकव. पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूंची माहितीही बदलून घे. त्याचं नाव करारातून गेलं की त्यानंतर धमकावण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने परवानगीशिवाय आत पाऊल टाकणं हे गृह-अतिक्रमण, आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. या एका कागदाने तुझी बाजू किती बदलते ते बघ. काल तो ‘माझ्याच घरात आलो’ म्हणत होता, आज त्याला तसं म्हणता येत नाही.

त्याचं सामान राहिलं असेल तर फेकू नकोस, विकू नकोस, डिपॉझिटच्या बदल्यात अडवूनही ठेवू नकोस. यादी कर, प्रत्येक वस्तूचा फोटो काढ, सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर किंवा शेजाऱ्यांसमोर त्याच्या माणसाच्या ताब्यात दे आणि यादीवर सही घे. तो स्वतः येणार असेल तर एकटी थांबू नकोस. हिशेब असेल तो बँकेतून चुकता कर, रोख देऊ नकोस. तुझ्याकडे त्याचं काहीही राहू देऊ नकोस, म्हणजे दारात यायला त्याच्याकडे निमित्त उरत नाही.

मोबाइलचंही एक कुलूप असतं. व्हॉट्सअॅपमध्ये जोडलेली उपकरणं तपास, घरच्या लॅपटॉपवर त्याने उघडून ठेवलेलं तुझं खातं बंद कर, वायफायचा पासवर्ड, ईमेल, बँक, जेवण मागवायची अॅप सगळं बदल. लोकेशन कुणाकुणाला दिसतंय ते बघ. त्याने तुझा पासवर्ड वापरून खात्यात शिरल्याचं दिसलं, तर ते पान तसंच ठेवून त्याची नोंद घे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. हा मुद्दा तक्रारीत सुटतो आणि सुटू नये.

आता त्याला एक मेसेज पाठव. एकच. ‘माझ्याशी फोन, मेसेज किंवा प्रत्यक्ष कुठल्याही प्रकारे संपर्क करू नका. माझ्या घरी, क्लासमध्ये किंवा कुटुंबीयांकडे जाऊ नका. पैशांबद्दल काही असल्यास फक्त ईमेलवर लिहा.’ बस. शिवी नको, कारण नको, ‘तुला सोडणार नाही’ तर मुळीच नको. त्यानंतर उत्तर देणं बंद. हा मेसेज का, ते सांगते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाचं आहे. स्त्रीने आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवूनही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहिला, मागे फिरत राहिला किंवा तिचा इंटरनेटचा वापर न्याहाळत राहिला, तर तो गुन्हा. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत शिक्षा, दुसऱ्या वेळी ५ वर्षांपर्यंत आणि तेव्हा अजामीनपात्र. त्यातलं ‘स्पष्ट दाखवूनही’ सिद्ध कशाने होणार? या मेसेजने. तो पाठवून पुन्हा गप्पा मारत बसलीस, तर बचावाचा वकील त्या गप्पाच वाचून दाखवील.

लगेच ब्लॉक करावं का, असं सगळ्या विचारतात. मनाला त्रास असह्य होत असेल तर कर, तुझी तब्येत पुराव्यापेक्षा मोठी. पण जमत असेल तर नंबर म्यूट करून ठेव आणि मेसेज येऊ दे. दुसऱ्या कुणाला तरी रोज ते बघायला सांग, स्वतः वाचू नकोस. आपोआप पुसले जाणारे मेसेज असतील तर ती सोय बंद कर. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नुसतं सेव्ह केलेलं नाव चालत नाही, कारण नाव तूच टाकलेलं असतं. आणि मूळ फोन विकू नकोस, फॉरमॅट करू नकोस. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदींच्या प्रतीबरोबर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुन्या कायद्यातही ते होतंच, आणि ते टाळता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ज्या खटल्यात पक्कं केलं तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. तिथे प्रश्न व्हिडिओ चित्रीकरणाचा होता. मोठ्या माणसांचा पुरावासुद्धा या एका कागदापाशी अडतो, तर आपला अडणारच. वकिलाला पहिल्याच भेटीत सांग की हे प्रमाणपत्र तयार करायचं आहे.

सोसायटीचं फुटेज थोड्याच दिवसांत नव्या चित्रणाखाली पुसलं जातं. तो खाली येऊन उभा राहिला, तर दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरीला लेखी अर्ज दे. अमुक तारखेचं अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं, पोलीस मागतील. अर्जाच्या प्रतीवर पोच घे. वॉचमनच्या रजिस्टरचं पानही त्यात लिही. वॉचमनकाकांशी नीट बोल, त्यांना त्याचा फोटो दाखव. साक्षीदार म्हणून त्यांच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नसतो, आणि त्यांना कुणी कधी नीट विचारत नाही.

आता पोलीस ठाणं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळं इथेच बिघडतं किंवा सावरतं.

अर्ज घरून लिहून ने. ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदार विचारणार, काय झालं, आणि तू रडवेली होऊन मागचं पुढे सांगणार, मग ते लिहिणार, ‘शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक तक्रारीत असतं, त्यामुळे ते कुणी वाचतच नाही. तू त्याचे शब्द लिही. तो हिंदीत बोलला असेल तर हिंदीत, घाणेरडी शिवी असेल तर ती शिवी जशीच्या तशी, अवतरणात. लिहिताना लाज वाटेल, तरी लिही. ‘तू साडेनवाच्या बसने उतरतेस, स्टॉपवर अंधार असतो, लक्षात ठेव’ हे ‘धमकी दिली’पेक्षा किती वेगळं आहे ते वाचणाऱ्याला ताबडतोब कळतं. मग तारीख, वेळ, जागा, कोण होतं. आणि त्यानंतर तुझ्या वागण्यात काय बदललं ते. साडेनवाची बस सोडून रिक्षाने येऊ लागलीस, मैत्रिणीकडे झोपायला गेलीस, क्लास बुडाला. न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये ज्याला फौजदारीपात्र धाकदपटशा म्हणतात, त्यात समोरच्याला भय वाटावं हा हेतू दाखवावा लागतो. तुझी बदललेली दिनचर्या त्या भयाची खूण आहे.

एक शब्दही वाढवून लिहू नकोस. हात धरला नसेल तर धरला म्हणू नकोस. खोटं एक वाक्य उलटतपासणीत सापडलं की खरी दहा वाक्यं त्याच्याबरोबर जातात. पण जे घडलं त्यातलं काही गाळूही नकोस, कारण गुन्ह्याचं रूप त्यावर ठरतं. नुसत्या धमकीचा गुन्हा कायद्याच्या तक्त्यात अदखलपात्र आहे, साधी असेल तर २ वर्षांपर्यंत शिक्षा, जिवे मारण्याची किंवा जबर दुखापतीची असेल तर ७ वर्षांपर्यंत. पण त्याच वेळी त्याने वाट अडवली, घरात शिरला, पैसे दे नाहीतर फोटो पसरवीन म्हणाला, पुन्हा पुन्हा मागे आला, तर यातली प्रत्येक गोष्ट दखलपात्र आहे. मुली फक्त धमकीचं सांगतात, कारण मनात तेच घर करून बसलेलं असतं. तो दाराला पाय लावून उभा होता, हे सांगायचं राहून जातं.

दखलपात्र गुन्हा असेल तर प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आणखी सोय आहे. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, जवळच्या ठाण्यात खबर देता येते. तू सुट्टीत साताऱ्याला घरी असशील आणि पुण्यातला माणूस पुण्यात तुझ्यामागे लागला असेल, तर साताऱ्यातसुद्धा. ऑनलाइनही देता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. पाठलागासारख्या गुन्ह्यात स्त्रीची खबर महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते, तसं माग. प्रत फुकट मिळते, तुझा हक्क आहे. सही करण्याआधी शब्द न् शब्द वाच, चुकलं असेल तिथे दुरुस्त करायला सांग, घाई केली तरी बसून राहा. काही गुन्ह्यांत पोलीस आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात, तेव्हा ‘चौकशी चालू आहे’ ऐकलं तर तारीख लिहून ठेव आणि चौदा दिवसांनी विचारायला जा.

आणि एन.सी., म्हणजे नुसती अदखलपात्र तक्रारीची नोंद, झाली तर? ‘नुसती एन.सी. घेतली’ म्हणून मुलं हिरमुसून बाहेर पडतात. हिरमुसायचं कारण नाही. अदखलपात्र तक्रारीत दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, एवढंच खरं. पण तिला नंबर असतो, तारीख असते. विहिरीतला पहिला कातळ फुटला की पुढचं पाणी त्यातूनच येतं, तशी पहिली एन.सी. पुढच्या सगळ्याचा पाया असते. दुसऱ्या वेळी गेलीस तर दुसरी, तिसऱ्या वेळी तिसरी, प्रत्येकीत आधीच्या नंबरांचा उल्लेख. मी कोर्टात उभी राहिले ती असल्या एन.सी.च्या जोरावरच. त्याला बोलावून समज द्या किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली नोटीस द्या, असंही अर्जात लिही. जुने हवालदार तिला अजून एकशेएकोणपन्नासची नोटीस म्हणतील, तीच ती. पुष्कळ जण तिथेच थांबतात, कारण ते तुला घाबरवत असतात तोवर शूर असतात आणि ठाण्याच्या बाकावर बसल्यावर नसतात.

ठाण्यात ‘आपसात मिटवा, पुढे करिअर आहे’ असा सल्ला मिळेल. मिटवायचं असेल तर जरूर मिटव, पण तोंडी नाही. तो पुन्हा संपर्क करणार नाही असं त्याच्या हातचं, सहीचं लिहून घे आणि त्याची डायरीत नोंद करायला सांग. तक्रारच घेतली नाही तर ठाण्याबाहेर वाद घालू नकोस. तोच अर्ज पोलीस उपायुक्तांना, ग्रामीण भागात असशील तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना, स्पीड पोस्टने पाठव आणि पावती जप. त्यानेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून तपासाचा आदेश मागता येतो. पण वरच्या अधिकाऱ्याकडे गेल्याचा कागद नसेल तर तो अर्ज तिथेच अडखळतो. ही पायरी लोक गाळतात.

आता मला सगळ्यांत उपयोगी वाटणारं दार, आणि तेच सर्वांत कमी माहीत असलेलं. चॅप्टर केस. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकारी अशा माणसाला नोटीस काढतो. शांतता भंग करशील अशी माहिती मिळाली आहे, तेव्हा शांतता राखण्याचं बंधपत्र का घेऊ नये ते सांग. पुण्या-मुंबईसारख्या आयुक्तालयांत हे अधिकार सहायक पोलीस आयुक्त दर्जाचे अधिकारी वापरतात, तालुक्यात तहसीलदार. बंधपत्र जास्तीत जास्त १ वर्षाचं असतं. चौकशी चालू असताना निकड असेल तर तात्पुरतं बंधपत्रही घेता येतं, आणि चौकशी ६ महिन्यांत संपली नाही तर सहसा ती आपोआप रद्द होते, म्हणून मधे विचारपूस करत राहा. इथे गुन्हा सिद्ध व्हायची वाट बघावी लागत नाही. रूममेटविरुद्ध आपल्याकडे ‘लांब राहा’च्या हुकमाच्या जवळ जाणारं काही असेल तर हेच. पोलिसांना लेखी विनंती कर की अमुक अमुक एन.सी. लक्षात घेऊन प्रतिबंधक कारवाईचा प्रस्ताव पाठवावा. तडीपारीचं कुणी सुचवलं तर तिकडे वळू नकोस. ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमातली सराईतांसाठीची कारवाई आहे. चिडलेल्या रूम पार्टनरसाठी ती होत नाही आणि त्या मागणीने तुझा अर्जच हलका वाटतो.

दिवाणी कोर्टाचं थोडक्यात. तो घरावर हक्क सांगत असेल, दाराशी येऊन अडथळा करत असेल, तर कायमच्या मनाई हुकमाचा दावा आणि त्यातच तात्पुरत्या मनाईचा अर्ज करता येतो. हुकूम मोडला तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. तोच आधी कोर्टात जाईल अशी शंका असेल तर कॅव्हेट दाखल करून ठेव, ९० दिवस तुला न ऐकता एकतर्फी हुकूम होत नाही. खर्चिक आणि सावकाश मार्ग आहे, घराचा प्रश्न असेल तरच घे.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, फुकट वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी सांगतात. या घडीला तो दारात उभा असेल तर मात्र वकील, अर्ज सगळं नंतर, ११२ लाव. स्त्रियांसाठी १८१ आहे. फोटो पसरवायची धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदव.

तुझ्या भावालाही हे वाचायला दे. मुलं असल्या तक्रारी करतच नाहीत, ‘पोरगा असून घाबरला’ म्हणतील म्हणून. पाठलागाचं कलम त्याला लागत नाही, कारण ते स्त्रीच्या संरक्षणाचं आहे, आणि तुझी जुनी रूममेट मुलगी असेल तर तिच्याविरुद्ध तुलाही ते लागत नाही. पण धाकदपटशा, अतिक्रमण, खंडणी, पासवर्डची चोरी आणि चॅप्टर केस यांत मुलगा-मुलगी काही नाही. पेठेतल्या एका कॉटवर राहणाऱ्या मुलाला जुना पार्टनर पैशांसाठी रोज धमकावत असेल, तर त्याचाही तितकाच हक्क आहे आणि त्यानेही तितकंच लवकर ठाण्यात जायला हवं.

चिडून इन्स्टावर त्याचं नाव-फोटो टाकून ‘सावध राहा’ लिहू नकोस. खरं असलं तरी अब्रुनुकसानीची उलट तक्रार त्याच्या हातात देऊ नकोस. मित्रांना त्याला ‘समजवायला’ पाठवू नकोस, ते हात उचलतात आणि मग दोन्ही बाजूंच्या एन.सी. समोरासमोर बसतात. ऑफिसात एचआरला आणि गेटवरच्या सिक्युरिटीला सांग. आणि आईबाबांना आजच सांग. त्याचं निम्मं बळ ‘तुझ्या घरी सांगेन’ यात असतं, ते तू आधीच काढून घे. त्यांना हेही सांग की त्याचा फोन आला तर वाद घालायचा नाही, ‘आमचं बोलणं पोलिसांमार्फत’ एवढं म्हणून ठेवायचा आणि वेळ लिहून ठेवायची.

त्याला अटक झाली तर बहुधा जामीनही मिळेल, त्याने खचू नकोस. अजामीनपात्र गुन्हा असेल तर जामिनाच्या अर्जाच्या दिवशी कोर्टात जा. पीडिताला तिथे आपलं म्हणणं मांडता येतं. सरकारी वकिलांना भेट आणि लेखी दे की जामीन देणार असाल तर संपर्क न करण्याची आणि माझ्या घराच्या, क्लासच्या परिसरात न येण्याची अट घाला. कुणी मागितलीच नाही म्हणून ही अट कित्येकदा पडत नाही. अट पडली की हुकमाची नक्कल काढ, एक प्रत तुझ्या पिशवीत, एक ठाण्यात. त्यानंतर त्याचा एक मेसेज आला तरी तो जामीन रद्द करण्याच्या अर्जाचा पुरावा.

बंधपत्राचंही तसंच. त्याने सही केली त्या दिवशी मुदत कधी संपते ते विचार आणि कॅलेंडरवर लिही. मुदतीत त्याने शांतता मोडली तर ती मोडल्याचं दाखवून बंधपत्राची रक्कम जप्त करण्याची मागणी करता येते, आणि दंडाधिकारी त्याला उरलेल्या मुदतीसाठी तुरुंगातही पाठवू शकतो. त्यासाठी नवी तक्रार त्याच दिवशी व्हायला हवी, बंधपत्राचा क्रमांक त्यात घालून. आणि मुदत संपायला महिना उरला असताना त्याचं येणं-जाणं, मेसेज पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटलं, तर मुदत संपायची वाट न बघता नव्या नोंदींसह ठाण्यात जा.